एजंटशिवाय नेटवर्क मॉनिटरिंग: पिंगच्या हिरव्या ठिपक्यापलीकडे

शाखेतून फोन येतो की सिस्टीम फार हळू चालतेय, आणि मॉनिटरिंगच्या पडद्यावर मात्र सगळं हिरवं असतं. हे वारंवार होत असेल तर दोष सहसा सॉफ्टवेअरचा नसतो. डिव्हाइसला जे विचारायला हवं ते विचारलेलं नसतं, किंवा आलेल्या आकड्याचा अर्थ चुकीचा लावलेला असतो. एजंटशिवाय चालणाऱ्या मॉनिटरिंगची सगळी मदार या दोन गोष्टींवर आहे, म्हणून त्यांबद्दल सविस्तर लिहितो आहे.

नजरेसमोर एक नेटवर्क ठेवू. एक मुख्य कार्यालय आणि तालुक्यांच्या गावी वीस-पंचवीस शाखा. प्रत्येक शाखेत एक राउटर, एक-दोन स्विच, एक यूपीएस. मुख्य कार्यालयाशी जोडणी आयपीसेक व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून काढलेल्या कुलूपबंद वाटेने. पतसंस्था, सहकारी बँका, शिक्षणसंस्था, दूध संघ यांच्याकडे आपल्या राज्यात साधारण याच आकाराची नेटवर्कं असतात आणि ती सांभाळायला दोन-तीन माणसं असली तरी खूप. सॉफ्टवेअर म्हणून लिब्रेएनएमएस किंवा झॅबिक्स घ्या, ही दोन्ही फुकट आहेत. पैसे मोजायची तयारी असेल तर पीआरटीजी किंवा झोहोचं ऑपमॅनेजर आहे. पुढचा मजकूर या सगळ्यांना सारखाच लागू पडतो, फक्त मेनूची नावं बदलतात.

एजंटशिवाय म्हणजे मॉनिटरिंग कंपनीचा वेगळा प्रोग्रॅम डिव्हाइसवर बसवायचा नाही. स्विच-राउटरवर तो बसवताही येत नाही. डिव्हाइसमध्ये मुळातच जे असतं त्यावर काम भागवायचं: पिंग (डिव्हाइस जागं आहे का ही विचारणा), एसएनएमपी (डिव्हाइसकडे त्याचे आकडे मागायची ठरलेली पद्धत), एसएसएच (दुरून कमांड देणं), काही ठिकाणी एपीआय, विंडोज सर्व्हरसाठी डब्ल्यूएमआय (विंडोजची आपली माहिती देण्याची सोय). सर्व्हर ठरावीक वेळाने विचारतो आणि डिव्हाइस उत्तर देतं. या विचारण्याला सगळेच पोलिंग म्हणतात आणि विचारणाऱ्या सर्व्हरला पोलर.

पिंग, पण नीट

पिंगपासून सुरुवात करायलाच हवी, मात्र त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते आधी ठरवा. मिनिटाला तीन पॅकेट पाठवली आणि त्यातलं एक हरवलं की पडद्यावर ३३ टक्के लॉस येतो; एकही हरवलं नाही की शून्य. व्हॉइस कॉल तुटक करणारा आणि टीसीपीचा वेग पाडणारा एक-दोन टक्क्यांचा लॉस या मापात बसतच नाही. स्मोकपिंग हे पिंगचा लॉस आणि उशीर मोजणारं साधन मूळ सेटिंगमध्ये दर पाच मिनिटांनी २० पॅकेट पाठवतं, म्हणजे तासाला २४०. बारीक लॉस दिसायला निदान एवढी पॅकेट हवीतच. त्यामुळे व्हीपीएनच्या लिंकसाठी स्मोकपिंग वेगळं लावणं मला आवश्यकच वाटतं.

दुसरी गोष्ट, राउटरच्या स्वतःच्या आयपीला पिंग केलं की उत्तर राउटरचा सीपीयू देतो. पॅकेट पुढे पाठवण्याचं काम मोठ्या डिव्हाइसमध्ये हार्डवेअर करतं आणि सीपीयू पिंगला सगळ्यात शेवटी वेळ देतो. बऱ्याच ठिकाणी पिंगच्या उत्तरांवर मर्यादाही घातलेली असते. म्हणून मधल्या राउटरवर लॉस दिसतो पण त्याच्या पलीकडच्या यंत्रावर दिसत नाही, तेव्हा लिंकमध्ये लॉस नाही असंच समजायचं. शाखेच्या राउटरबरोबर त्याच्या मागचं एखादं कायम चालू असणारं यंत्रही यादीत घ्या: आयपी फोन, हजेरीचं मशीन, नेटवर्क प्रिंटर. राउटर उत्तर देतोय आणि मागचं यंत्र देत नाही, एवढ्यावरून स्विच, व्हीलॅन (स्विचवर पाडलेला नेटवर्कचा वेगळा भाग) किंवा शाखेच्या आतली वीज यांपैकी काहीतरी बिघडलंय हे लगेच कळतं.

तिसरी, पिंगचं पॅकेट लहान असतं. व्हीपीएनमध्ये एमटीयूची, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराची, गडबड असेल तर लहान पिंग मजेत जातं आणि मोठी फाइल किंवा वेबपेज अडकतं. ‘तुकडे करू नका’ हा बिट लावून १३०० बाइटच्या आसपासचं एक पिंग प्रत्येक शाखेला वेगळं लावून ठेवा. लहान पिंग हिरवं आणि मोठं लाल दिसलं की एमटीयू आणि टीसीपी एमएसएस (एका पॅकेटमधल्या मजकुराची कमाल मर्यादा) यांची सेटिंग तपासायला घ्यायची.

एसएनएमपी जोडताना काय अडतं

एसएनएमपीच्या आवृत्त्यांपैकी व्ही१ आता विसरा. व्ही२सी सोपी आहे, पण तिची कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे पासवर्डसारखा शब्द, वायरवरून उघडी जाते. व्ही३चं मानक २००२ सालापासून स्थिर आहे. त्यात ओळखही पटवली जाते आणि मजकूरही कुलूपबंद होतो. नवं काही उभं करत असाल तर व्ही३, तेही ऑथ-प्रिव्ह (ओळख आणि गुप्तता दोन्ही) पातळीचं, यावरच अडून राहा. जुन्या यूपीएस कार्डाला किंवा स्वस्त स्विचला व्ही२सीच येत असेल तर कम्युनिटी फक्त वाचण्यापुरती ठेवा, ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ ही कारखान्यातून आलेली नावं काढून टाका आणि एसीएलने (कुणाला परवानगी आहे त्याची यादी) फक्त पोलरच्या आयपीलाच परवानगी द्या.

सिस्कोच्या आयओएसवर (त्यांच्या राउटर-स्विचच्या सिस्टीमवर) क्रम असा: आधी पोलरच्या आयपीची एसीएल, मग व्ह्यू, म्हणजे एमआयबीच्या (डिव्हाइसकडे विचारता येणाऱ्या मूल्यांच्या यादीच्या) झाडाचा कोणता भाग दाखवायचा ते, मग तो व्ह्यू आणि एसीएल जोडलेला व्ही३ ग्रुप, आणि शेवटी त्या ग्रुपमधला युजर. युजरला ओळखीसाठी शा आणि गुप्ततेसाठी एईएस-१२८. दोन्हींचे पासवर्ड वेगळे आणि किमान आठ अक्षरांचे. सोळापेक्षा जास्त अक्षरं दिली तर उत्तम. व्ह्यूमधून राउटिंग टेबल आणि एआरपी टेबल (कोणता आयपी कोणत्या यंत्राचा) वगळा. मोठ्या कोअर राउटरवर एखादं सॉफ्टवेअर ही टेबलं ओळीने वाचायला लागलं की सीपीयू चढतो आणि मॉनिटरिंगनेच नेटवर्क मंद केलं अशी वेळ येते.

सगळं झाल्यावर पोलरवरून एकच ओआयडी (एमआयबीतल्या मूल्याचा क्रमांक) विचारा: १.३.६.१.२.१.१.३.०, म्हणजे सिसअपटाइम, डिव्हाइस सुरू होऊन किती वेळ झाला ते. उत्तर आलं की सॉफ्टवेअरमध्ये डिव्हाइस जोडायला हरकत नाही. नाही आलं तर सॉफ्टवेअरच्या मेनूत शोधत बसू नका. पोलरवर टीसीपीडम्प (जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावून यूडीपी १६१, म्हणजे एसएनएमपीचं पोर्ट, बघा. प्रश्न जातोय पण उत्तर येत नाही, की उत्तर दुसऱ्याच आयपीवरून येतंय? एकाहून जास्त इंटरफेस असलेल्या राउटरवर हे दुसरं नेहमीचं आहे: विचारलं एका पत्त्याला, उत्तर निघालं दुसऱ्या पत्त्यावरून, आणि मधल्या फायरवॉलने ते टाकून दिलं. यावर उपाय म्हणजे प्रत्येक राउटरला लूपबॅक पत्ता (कोणत्याही एका पोर्टला न बांधलेला) द्यायचा, पोलिंग त्यालाच करायचं आणि ट्रॅपचा (डिव्हाइसने आपणहून पाठवलेल्या निरोपाचा) उगमही तोच ठेवायचा.

व्ही३ची एक खोड माहीत असायलाच हवी. युजरची किल्ली पासवर्ड आणि त्या डिव्हाइसचा इंजिन आयडी (एसएनएमपीतली त्याची स्वतःची ओळख) मिळून तयार होते. सिस्कोच्या रनिंग कॉन्फिगमध्ये युजरची ओळ दिसत नाही. म्हणजे स्विच जळाला, वॉरंटीत नवा आला, तुम्ही जपून ठेवलेला कॉन्फिग बॅकअप त्यावर टाकला, पोर्ट-व्हीलॅन सगळं जागच्या जागी आलं, पण एसएनएमपी बंदच. बॅकअपमध्ये युजर नव्हताच, आणि नव्या स्विचचा इंजिन आयडीही वेगळा. युजर बनवायची कमांड डिव्हाइस बदलण्याच्या चेकलिस्टमध्ये लिहून ठेवा.

याची उलट बाजू क्लोन केलेल्या लिनक्स सर्व्हरवर दिसते. नेट-एसएनएमपी (लिनक्सवरचा एसएनएमपीचा प्रोग्रॅम) आपला इंजिन आयडी डिस्कवर साठवतं; एका टेम्प्लेटवरून दहा व्हीएम (आभासी सर्व्हर) काढल्या की दहांचा आयडी एकच. पोलर प्रत्येक आयडीसाठी बूट किती झाले आणि किती सेकंद उलटले याची नोंद ठेवतो, आणि १५० सेकंदांपेक्षा जास्त फरक आला की डिव्हाइस विनंती नाकारतं. एकच आयडी दहा जण वापरत असले की कधी हा सर्व्हर दिसतो, कधी तो. अशा वेळी अनेक जण एनटीपी (घड्याळं जुळवणारी सोय) तपासत बसतात, पण हे घड्याळ बूट झाल्यापासूनच्या सेकंदांचं असतं, एनटीपीचा त्याच्याशी काही संबंध नाही. सर्व्हिस थांबवून साठवलेला आयडी काढा, सर्व्हिस सुरू करा आणि युजर पुन्हा बनवा.

शाखा लांब असेल तर

४८ पोर्टच्या स्विचकडून प्रत्येक पोर्टची २० मूल्यं हवी आहेत असं धरा, म्हणजे ९६० मूल्यं. एकेक मूल्य गेटनेक्स्टने मागितलं आणि शाखेपर्यंत जाऊन यायला ६० मिलिसेकंद लागत असतील तर एकट्या त्या स्विचला साडेसत्तावन्न सेकंद लागतील. गेटबल्कने एका विनंतीत २५ मूल्यं मागितली की प्रत्येक रकान्याला, म्हणजे एकाच मूल्याच्या ४८ पोर्टना, दोन विनंत्या पुरतात. एकूण ४० विनंत्या, म्हणजे २.४ सेकंद. व्ही२सी आणि व्ही३ दोन्हींत गेटबल्क आहे. व्ही१ विसरा म्हटलं त्याचं हेही एक कारण.

मग २५च्या ऐवजी ५०, १०० का मागू नये? कारण उत्तर यूडीपीच्या एकाच डेटाग्राममध्ये (पॅकेटमध्ये) येतं. आकड्यांची मूल्यं आटोपशीर असतात, पण पोर्टची वर्णनं लांब असली तर नाव आणि ओआयडी धरून एकेक नोंद ६०-७० बाइटची होते. अशा पन्नास नोंदींचं उत्तर ३००० बाइटच्या वर जातं, त्याचे तुकडे होतात, आणि व्हीपीएनच्या वाटेवरचा कुणीतरी तुकडे टाकून देतो. याचं लक्षण अगदी ठरलेलं आहे: डिव्हाइसचं नाव, मॉडेल, अपटाइम सगळं मिळतं, आणि पोर्टची यादी मागितली की टाइमआउट. मुख्य कार्यालयातला तसाच स्विच मात्र व्यवस्थित चालतो. असं झालं की त्या डिव्हाइसपुरती मॅक्स-रिपिटिशन्स (एका विनंतीत किती मूल्यं मागायची तो आकडा) १० वर आणा. विनंत्या १०० होतात, सहा सेकंद लागतात, आणि काम होतं. लिब्रेएनएमएसमध्ये ही सेटिंग प्रत्येक डिव्हाइसच्या एसएनएमपी पानावर आहे.

टाइमआउट आणि रिट्राय वाढवून हा प्रश्न सुटत नाही. उलट बंद पडलेल्या प्रत्येक डिव्हाइसमागे पोलरचा एक थ्रेड तेवढा वेळ अडकून बसतो, आणि पाच शाखा एकदम गेल्या की चालू असलेल्या शाखांच्या आलेखांतही भोकं पडतात. आधी पिंग, पिंग लागलं तरच एसएनएमपी, हा क्रम सॉफ्टवेअरमध्ये चालू आहे ना ते बघून घ्या.

काउंटरचं गणित

पोर्टवरून किती ट्रॅफिक गेला हे डिव्हाइस वेगाच्या रूपात सांगत नाही. विजेच्या मीटरसारखं वाढत जाणारं रीडिंग देतं. दोन रीडिंगमधला फरक घ्यायचा, मधल्या सेकंदांनी भागायचं, आठने गुणायचं. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

जुना काउंटर, १.३.६.१.२.१.२.२.१.१०, हा ३२ बिटचा. ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की पुन्हा शून्यावर. १०० एमबीपीएसने सलग ट्रॅफिक चालला तर ३४३ सेकंदांत एक फेरी, १ जीबीपीएसने ३४ सेकंदांत, १० जीबीपीएसने साडेतीन सेकंदांच्याही आत. पाच मिनिटांनी एकदा विचारणाऱ्या सॉफ्टवेअरला गिगाबिट पोर्टवर किती फेऱ्या झाल्या हे कळायला मार्ग नाही. ते फार तर एक फेरी धरतं. म्हणून ३२ बिटच्या काउंटरवर ३०० सेकंदांच्या पोलिंगचा आलेख ११४.५ एमबीपीएसच्या वर जाऊच शकत नाही. गिगाबिट पोर्टचा आलेख महिनोन्‌महिने त्याच्या आतच घुटमळतोय आणि बॅकअपच्या वेळी तर उलट खाली जातोय असं दिसलं की हेच कारण समजा.

त्यावर ६४ बिटचे काउंटर वापरायचे: आत येणाऱ्यासाठी १.३.६.१.२.१.३१.१.१.१.६ आणि बाहेर जाणाऱ्यासाठी शेवटी १०. ते व्ही१मध्ये मिळत नाहीत. तयार टेम्प्लेट आणि लिब्रेएनएमएस हेच वापरतात. गडबड होते ती कुणीतरी हाताने केलेल्या सेन्सरमध्ये किंवा कधीकाळी व्ही१ने जोडलेल्या डिव्हाइसमध्ये.

डिव्हाइस रीबूट झालं की काउंटर शून्यापासून सुरू होतो. फरक उणे येतो, आणि तो ‘फेरी झाली’ असं समजून मोजला तर आलेखावर आकाशाला भिडणारा सुळका उभा राहतो. मग त्या सुळक्यामुळे महिनाभराचा बाकी आलेख सपाट रेषेसारखा दिसतो. आरआरडीटूलमध्ये (आलेखांचे आकडे साठवणाऱ्या साधनात) स्वतः फाइल बनवत असाल तर काउंटरऐवजी डिराइव्ह हा प्रकार घ्या आणि किमान मर्यादा शून्य द्या, म्हणजे उणे मूल्य फेकलं जातं. झॅबिक्समध्ये प्रतिसेकंद बदल काढणारी पायरी अशी मूल्यं आपणहून सोडून देते.

आणखी एक, पोर्टचा इंडेक्स. इफइंडेक्स हा क्रमांक रीबूटनंतर किंवा नवं मॉड्यूल बसवल्यावर बदलू शकतो. मग अपलिंकचा आलेख गुपचूप दुसऱ्याच पोर्टचे आकडे दाखवायला लागतो आणि कुठेही अलर्ट येत नाही. सिस्कोवर इफइंडेक्स कायम ठेवण्याची कमांड आहे, ती पहिल्याच दिवशी द्या. पोर्टवर डिस्क्रिप्शन लिहायची सवयही लावून घ्या: लिंक कुणाची, सर्किट आयडी काय, पलीकडे कोणतं डिव्हाइस. ते इफअलायसमधून सॉफ्टवेअरमध्ये आपोआप येतं आणि रात्री दोनच्या अलर्टमध्ये तीच ओळ कामी येते.

टक्केवारी आणि सरासरी

शाखेची लिंक ५० एमबीपीएसची, पण ती राउटरच्या गिगाबिट पोर्टवर उतरते. डिव्हाइस वेग १ जीबीपीएस सांगतं आणि लिंक तुडुंब भरली तरी पडद्यावर वापर ५ टक्के दिसतो. ८० टक्क्यांचा अलर्ट असा कधीच वाजणार नाही. वेग सॉफ्टवेअरमध्ये त्या पोर्टपुरता हाताने भरा. राउटरवर बँडविड्थ कमांड देऊनही हे होतं, पण त्याने ओएसपीएफ आणि ईआयजीआरपी या रस्ता निवडणाऱ्या प्रोटोकॉलचं मेट्रिक बदलतं, रस्ता बदलू शकतो. म्हणून मी सॉफ्टवेअरमध्येच बदलायला सांगेन. १० जीबीपीएसच्या पोर्टसाठी जुनं इफस्पीड अपुरं पडतं, त्याची मजल ४.२९ जीबीपीएसपर्यंतच, तिथे इफहायस्पीड, १.३.६.१.२.१.३१.१.१.१.१५, वाचायचं.

सरासरीचा प्रश्न याहून अवघड आहे. त्याच ५० एमबीपीएसच्या लिंकवर अर्धा मिनिट पूर्ण भरलेलं आणि साडेचार मिनिटं १० एमबीपीएस, तर पाच मिनिटांची सरासरी १४ एमबीपीएस. पडद्यावर २८ टक्के. त्या अर्ध्या मिनिटात मात्र शाखेच्या खिडकीवरच्या माणसाची पावती अडकून पडलेली असते. अशा वेळी वापराच्या आलेखाऐवजी आउटडिस्कार्ड्स बघा, १.३.६.१.२.१.२.२.१.१९. रांग भरल्यामुळे टाकलेली पॅकेट इथे मोजली जातात, आणि काउंटर असल्यामुळे दोन पोलिंगच्या मधला झटकाही त्यात नोंदला जातो. मुख्य लिंकवर पोलिंग एका मिनिटावर आणा, बाकी पोर्ट पाच मिनिटांवरच राहू द्या. लिब्रेएनएमएसमध्ये अंतर बदललं की जुन्या आरआरडी फाइलही नव्या अंतराला रूपांतरित कराव्या लागतात, नाहीतर आलेख तुटतात.

जुन्या नोंदी काळाबरोबर एकत्र होत जातात हेही ध्यानात असू द्या. मागच्या वर्षीच्या आलेखातला शिखराचा आकडा हा बहुधा काही तासांच्या सरासरीचा असतो. लिंक वाढवून घेण्याचा प्रस्ताव मांडताना सरासरीबरोबर कमाल मूल्यांची नोंदही ठेवलेली असली तरच बोलता येतं.

एरर, केबल आणि फायबर

इनएरर्सचा (आत येताना खराब निघालेल्या पॅकेटचा) एकूण आकडा महत्त्वाचा नाही, तो वाढतोय का एवढंच बघायचं. वाढत असेल तर केबल, क्रिम्पिंग, पोर्ट या क्रमाने. मात्र डुप्लेक्स मिसमॅचची (एक टोक दोन्ही दिशांनी एकदम बोलतं, दुसरं आळीपाळीने) खूण वेगळी असते आणि ती ओळखली तर केबल बदलण्यात दिवस जात नाही: हाफ डुप्लेक्सच्या बाजूला लेट कोलिजन वाढतात, फुल डुप्लेक्सच्या बाजूला एफसीएस एरर. पिंग ठीक असतं कारण ट्रॅफिक थोडा असतो. फाइल कॉपी सुरू केली की वेग कोसळतो. कारण बहुतेक वेळा असं की एका टोकाला वेग आणि डुप्लेक्स हाताने पक्के केलेत आणि दुसरं टोक ऑटोवर आहे. ऑटोवरच्या टोकाला समोरून वाटाघाट मिळत नाही, म्हणून ते हाफ धरतं. इथरनेटच्या एमआयबीत डुप्लेक्सची स्थिती १.३.६.१.२.१.१०.७.२.१.१९ वर वाचता येते. १० किंवा १०० एमबीपीएसच्या पोर्टवर तिथे हाफ दिसलं की अलर्ट असावा.

फायबरवर एसएफपीची (फायबर जोडायच्या मॉड्यूलची) प्रकाशशक्ती वाचा. १०जी एलआर प्रकारच्या मॉड्यूलची ग्रहणक्षमता साधारण उणे १४.४ डीबीएमपर्यंत असते, पण तिथपर्यंत वाट बघायची गरज नाही. लिंक चालू केली त्या दिवशीचा आकडा लिहून ठेवा आणि त्यापासून २ डीबीने घसरला की अलर्ट द्या. मळलेला कनेक्टर, वाकलेला पॅचकॉर्ड, रस्त्याच्या खोदकामानंतर घाईने केलेला जोड, हे सगळं लिंक तुटण्याआधी या आकड्यात दिसतं.

वीज गेली की लिंक?

तालुक्याच्या शाखांमध्ये हा प्रश्न रोजचा आहे. डिव्हाइस डाउन असा अलर्ट आला की आयएसपीला फोन जातो, तिकीट निघतं, आणि दोन तासांनी कळतं की तिथे वीजच नव्हती. यूपीएसला नेटवर्क कार्ड घ्या, त्याचे पैसे लवकर वसूल होतात. यूपीएसचं सामाईक एमआयबी १.३.६.१.२.१.३३ खाली आहे. त्यातल्या १.४.१.० मध्ये पुरवठा कुठून चाललाय ते कळतं: ३ म्हणजे नेहमीचा, ५ म्हणजे बॅटरी. १.२.३.० मध्ये अंदाजे किती मिनिटं उरली. बॅटरीवर गेल्याबरोबर साधी सूचना, दहा मिनिटं उरली की तातडीची. राउटर बंद पडण्याआधी हा निरोप पोचलेला असला की पुढच्या डाउनचं कारण शोधावं लागत नाही. बॅटरी म्हातारी झाली की ‘उरलेली मिनिटं’ भरवशाची राहत नाहीत. ४० दाखवून पाच मिनिटांत बंद पडणारी यूपीएस बदलायला काढा.

यूपीएस कार्ड नसेल तरी एक उपाय आहे. लिंक परत आली की शाखेच्या राउटरचा सिसअपटाइम बघा. तो खंड न पडता चालू असेल तर राउटर जागा होता, लिंक गेली होती. शून्यापासून सुरू झाला असेल तर वीज गेली किंवा राउटर रीबूट झाला. आयएसपीशी एसएलएचा (लिंक किती टक्के वेळ चालू राहील या कराराचा) वाद होतो तेव्हा हा एक आकडा फार बोलतो. फक्त एवढं जपा की सिसअपटाइम हा ३२ बिटचा, सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजणारा आकडा आहे. ४९७ दिवसांनी तो आपोआप शून्यावर येतो. चांगल्या यूपीएसवर चाललेला कोअर स्विच एका सकाळी ‘रीबूट झाला’ असा अलर्ट देतो तो यामुळेच. इंजिनटाइम, १.३.६.१.६.३.१०.२.१.३.०, सेकंदांत मोजतं, त्यामुळे खात्री करायला ते वापरा.

एसएलएबद्दल अजून थोडं. ९९.५ टक्के म्हणजे ३० दिवसांत ३ तास ३६ मिनिटं बंद चालतं, ९९.९ म्हणजे ४३ मिनिटं. पाच मिनिटांच्या पोलिंगमध्ये चार मिनिटांचा खंड पूर्ण निसटू शकतो. तो पकडायला इफलास्टचेंज, १.३.६.१.२.१.२.२.१.९, वाचा: पोर्टची स्थिती शेवटची बदलली तेव्हा सिसअपटाइम किती होता ते यात असतं. आता पोर्ट चालू दिसत असला तरी हा आकडा बदललेला असेल तर मधे पोर्ट पडून उठलेलं आहे. आयएसपीचं मीडिया कन्व्हर्टर मधे असेल तर मात्र लिंक तुटूनही तुमचं पोर्ट वरच राहू शकतं, तिथे पिंगच कामाला येतं.

अलर्ट कुणाला आणि केव्हा

एकदाच चुकलेल्या पोलवर अलर्ट देऊ नका, सलग तीन चुकू द्या. सीपीयूचा अलर्ट ८५ टक्क्यांवर वाजत असेल तर तो ७० खाली आल्यावरच मिटू द्या, नाहीतर ८४ आणि ८६च्या मधे हेलकावे खाणारा राउटर रात्रभरात शंभर मेसेज पाठवेल आणि सकाळी टीम तो ग्रुप म्यूट करून टाकेल. म्यूट झालेला अलर्ट पुन्हा कुणी वाचत नाही, म्हणून या बाबतीत मी कडक आहे: ज्या अलर्टवर कुणालाच काही करायचं नसतं तो मेसेजवर जाताच कामा नये, पडद्यावर राहू दे.

डिपेंडन्सी लावा. शाखेचा स्विच, यूपीएस, फोन हे सगळे राउटरच्या मागे. राउटर गेला तर एकच निरोप. ट्रॅपवर विसंबून राहू नका. ट्रॅप यूडीपी १६२ वर जातो, पोच मिळत नाही, आणि ज्या लिंकवरून तो जायचा तीच तुटलेली असते. पोलिंगला जोड म्हणून ट्रॅप ठेवा, डिव्हाइसला जमत असेल तर पोच मागणारा इन्फॉर्म वापरा.

सिसलॉगही (डिव्हाइसने पाठवलेल्या घडामोडींच्या नोंदी) त्याच सर्व्हरवर किंवा शेजारी घ्या, यूडीपी ५१४. पातळ्या ० (सगळ्यात गंभीर) ते ७. नेहमीसाठी ५ पर्यंत पुरे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जुळवलेली हवीत. त्यामुळे डिस्क मोजताना सहा महिने धरूनच मोजा. लिंक कुणी भरली हे विचारायचं असेल तर नेटफ्लो किंवा एसफ्लो लागेल, कारण एसएनएमपी किती ते सांगतं, कुणाचं ते नाही. नेटफ्लोची ॲक्टिव्ह टाइमआउट (चालू जोडणीचा हिशेब किती वेळाने पाठवायचा) ६० सेकंदांवर आणा. सिस्कोच्या मूळच्या ३० मिनिटांवर सोडली तर लांब चाललेलं डाउनलोड संपल्यावर किंवा अर्ध्या तासाने एकदम सुळका होऊन दिसतं.

विंडोज सर्व्हरवर डब्ल्यूएमआय चालवायचं तर पोर्ट १३५ सोबत ४९१५२ ते ६५५३५ ही सगळी पट्टी उघडावी लागते. फायरवॉलच्या पलीकडच्या सर्व्हरसाठी विनआरएम (विंडोजची दुरून कारभार करायची सोय) बरं, एचटीटीपीएसवर फक्त ५९८६. खातं डोमेन ॲडमिनचं देऊ नका.

राहिला मॉनिटरिंगचा सर्व्हर स्वतः. पन्नासेक डिव्हाइस आणि हजार-दीड हजार पोर्टना ४ कोअर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी पुरते. साध्या हार्ड डिस्कवर आरआरडीच्या बारीक बारीक लिखाणाने दम निघतो, तिथे आरआरडीकॅश्ड (लिखाण साठवून एकदम करणारा प्रोग्रॅम) लावा. बॅकअपमध्ये डेटाबेस आणि आरआरडी फाइल दोन्ही एकाच वेळच्या घ्या. हा सर्व्हर बंद पडला तर कळवणार कोण, याची सोय बाहेर हवी: दर पाच मिनिटांनी त्याने बाहेरच्या एका छोट्या सर्व्हरला हाक द्यायची, दोन हाका चुकल्या की त्या बाहेरच्याने मेसेज पाठवायचा. मुख्य कार्यालयाची इंटरनेट लिंकच गेली तर ईमेल आणि चॅटवरचे अलर्ट आतच अडकतात, म्हणून यूएसबीचा जीएसएम मॉडेम आणि त्यात चालू रिचार्ज असलेलं सिम ठेवा. महिन्यातून एकदा, कामकाजाची वेळ संपल्यावर, एखाद्या शाखेच्या राउटरची डब्ल्यूएएन (बाहेरच्या लिंकची) केबल काढायला सांगा आणि एसएमएस किती मिनिटांनी येतो ते घड्याळ लावून बघा. सलग तीन पोलचा नियम आणि एक मिनिटाचं अंतर असेल तर तो चार मिनिटांच्या आत यायला हवा. जास्त वेळ लागला तर आधी पोलरची रांग तपासा, मग मॉडेम.